अप्पांची उरलेली जन्मठेप

कैदी तुरुंगात वारला की त्याची उरलेली शिक्षा वारसांकडे येते, म्हणून अप्पांचं प्रेत न्यायला आलेल्या सिंधूने भावासाठी आठवणीने पांघरूण आणलं होतं.

"बरीच शिल्लक आहे," जेलर वाघमोडे म्हणाले. "दोघा भावंडांत निम्मी-निम्मी."

तिचा भाऊ भारत खाली बघत म्हणाला, "साहेब, मी हक्कसोड देतो."

लग्नानंतर सिंधूनेही अशीच सही करून जमीन भावाला सोडली होती. त्याने तेव्हा तिला साडी घेतली होती. आजही त्याने पिशवीतून साडी काढली.

"दादा, माझी ऋतुजा अजून शाळेत आहे."

"मला दोन पोरं आहेत, सिंधे. आणि शेत कोण बघणार?"

जेलरना हे रीतसर वाटलं. त्यांनी सही घेतली.

"अप्पांची वागणूक चांगली होती," सिंधू म्हणाली. "त्यांना माफीचे दिवस मिळाले होते. ते तरी धरा."

"सुधारणा ज्याची त्याची असते, बाई. वारशात येत नाही. अप्पा पुरते सुधारले होते. तुम्हाला पहिल्यापासून सुधारावं लागेल."

"पण मी केलंय काय?"

"तीच अडचण आहे," जेलर हळहळले. "नेमकं कशातून सुधारायचं, हे वारसांना लवकर सापडत नाही."

तिला अप्पांचं तोंड बघू दिलं. मग भारत प्रेत घेऊन गेला आणि पांघरूण तिच्याजवळच राहिलं.

बायकांच्या बराकीत कुणी बापाची शिक्षा भोगत होती, कुणी सासऱ्याची. स्वतःच्या गुन्ह्यासाठी आलेली एकटी हौसाबाई. तिच्याकडे सगळ्या जरा हेव्याने बघत. तिने सरकून सिंधूला जागा दिली.

दुपारी कारकून आला. "तुमचा वारस?"

"भाऊ."

"त्यांनी हक्क सोडलाय."

"मग कुणीच नको."

"रकाना मोकळा ठेवता येत नाही, बाई."

कारकून थांबला, माणूस वाईट नव्हता. शेवटी त्याने जेलरांचा कागद बघून विचारलं, "ऋतुजातला ऋ कसा काढायचा?"

तिने त्याला काढून दाखवला.

जेवणाची घंटा झाली. सिंधूला भूक नव्हती. सकाळपासून छातीत बारीक कळ येत होती. तिने भाकरी मोडली, शेवटच्या तुकड्यापर्यंत नीट चावून खाल्ली आणि वाढणाऱ्या बाईकडे आणखी एक मागितली.