मयत खातेदाराची संमती

लातूर जिल्हा झाला त्या दिवशी ग्यानबानाना मसणवट्यात गेले आणि तिथल्या सगळ्यांना तसं सांगून आले.

परत येताना शाळेच्या ओट्यावर टेकले. मी माझ्याच गावात मास्तर होतो. "काय म्हणाले मग सगळे?" मी गमतीनं विचारलं.

"काय म्हणतेत गुर्जी? बरं झालं म्हणले. उस्मानाबाद लई लांब पडत व्हतं."

दुसऱ्यांना पत्त्यांचा असतो तसा नानांना सरकारी योजनांचा नाद. एसटीनं अहमदपूरला जायचं, कचेरीच्या फळ्यावरचा प्रत्येक कागद बोट ठेवून वाचायचा, कोरे अर्ज मागून आणायचे. गावात कुणाकडे पाहुणा आला तरी नाना पहिलं विचारत, "अल्पभूधारक हाय का?"

दुष्काळात ते नालाबंडिंगचा कागद घेऊन आले. ओढ्याला मातीचा आडवा बांध घातला की पाणी थांबतं, माती थांबते. अट एकच: उतारावरच्या सगळ्या खातेदारांची संमती. खातेदार अकरा, त्यातले पाच मयत. सातबाऱ्यावर वारस कुणी लावलेच नव्हते.

"वारसांच्या सह्या चालतील," तलाठी म्हणाले.

"त्या आणतोच सायेब. पण कागदावर ज्येचं नाव, त्येलाच न इचारता?"

मसणवट्यात ज्याच्या त्याच्या जागेवर दगड होता. नाना दगडापुढे उभे राहून अख्खा अर्ज वाचत, 'खाली सही करणार'पासून. मग विडी संपेपर्यंत थांबत आणि मान हलवत. पारूबाईच्या दगडापाशी दोन विड्या लागल्या. "हाव म्हणती. पण खाली खडक हाय, धा हात वर सरका म्हणती." लोक पोट धरून हसले. पुढं ओव्हरसियरनं खड्डा घेतला तेव्हा पहारीचा खणकन आवाज झाला. त्यानंतर कुणी हसलं नाही.

पाचांत माझे वडीलही होते. त्यांना जाऊन वर्ष झालं नव्हतं. मी सोबत गेलो. नानांनी वाचलं, थांबले, म्हणाले, "हाव म्हणले."

"आणखी काही म्हणाले का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "न्हाई गुर्जी. कामापुरतंच बोलले."

राहिला मारुती, नानांचा धाकटा भाऊ. दोघांचं बोलणं बंद होतं आणि ते बंद असतानाच तो गेला. त्याच्या पोरानं पुण्याहून येऊन सही केली होती. कागद पुरा होता. तरी नाना फाईल घरीच धरून बसले. मार्च संपला की मंजुरी परत जाणार. गाव चिडलं. "म्हाताऱ्यापायी औंदाबी तहानलेलं मरायचं का?" बायका घागरी आपटू लागल्या. शेवटी मला पाठवलं.

भर दुपार होती. नाना मारुतीच्या दगडापुढे उभे होते. पायाशी विड्यांची थोटकं. बाभळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. मी मागं येऊन थांबलो ते त्यांना कळलं नाही.

"मारुत्या," ते म्हणत होते, "सा म्हैने झाले येऊन राहिलो. बंडिंग गेलं खड्ड्यात. हाव म्हणू नको. न्हाई तरी म्हण. शिवी दे. कायतरी बोल की रे."

दगडापाशी काहीच झालं नाही. ती शांतता मला सोसली नाही.

"नाना, बोलला तो," मी म्हणालो. "मी ऐकलं."

ते दचकून वळले. "तुमाला आलं ऐकू? काय म्हणला?"

"दादा, बांध घाल, म्हणाला."

नानांनी हातातली विडी पायाखाली विझवली. मग हळूच म्हणाले, "त्यो मला दादा म्हणत नव्हता गुर्जी. ग्यान्या म्हणायचा."

मी खाली पाहिलं. त्यांनी अर्जाची घडी घातली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही उतारानं गावाकडे निघालो. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं त्यांनी फाईल लातूरला नेऊन दिली. मसणवट्यात ते पुन्हा गेले नाहीत, नेलं तेव्हाच गेले.

बांध आहे. त्याच्यामागं वरून आलेली माती साठत गेली आणि तिथं आता सपाट रान झालंय. वर एका बाजूला नानांचं शेत, दुसऱ्या बाजूला मारुतीचं. खालच्या मातीतली कुठली कुणाची, ते सांगता येत नाही.