कंडक्टरला तिकीट नसतंय

सोसायटीच्या जिन्यात कांबळेमामांना आधार द्यायला मी हात पुढे केला आणि मीच घसरलो. चार-पाच पायऱ्या बसूनच उतरलो. मामा वर कठडा धरून शांत उभे. वाकून माझ्याकडे बघत म्हणाले, "मोहोळ."

मामा एसटीतले रिटायर कंडक्टर. कुणाला पडायची किती भीती आहे, हे ते तिकिटावर सांगतात. सगळे बसणार सोलापुरातूनच, पुण्याच्या गाडीत. भीती थोडी असेल तर मोहोळला उतरायचं, जास्त असेल तर टेंभुर्णीला. आणि जो उठता-बसता भिंत धरतो, त्याचं तिकीट थेट पुण्याचं.

"पडल्यावर आदी इकडंतिकडं बघितलं तुमी, कुणी बघतंय का म्हणून," ते मला म्हणाले. "म्हंजे लाज लई, भीती कमी. मोहोळच."

"आणि तुमचं तिकीट कुठलं, मामा?"

"कंडक्टरला तिकीट नसतंय."

माझी मुलगी फिजिओथेरपी शिकते. एकदा ती मामांच्या घरी प्रश्नावली घेऊन गेली, मीही सोबत होतो. म्हातारपणी पडण्याची भीती देशोदेशी एकाच मापानं मोजायची, असं ते काम.

"बर्फ पडलेल्या रस्त्यावर चालताना किती भीती वाटते? एक ते चारमध्ये सांगा."

"सोलापुरात बर्फ रसाच्या गाड्यावर असतोय, बाळ. त्याच्यावर कोण चालतंय?"

"मामा, ही प्रश्नावली जगभर चालते."

"जगात चालत असंल. आमच्या जिन्यात चालतीय का बघ की."

तेवढ्यात आतून मामी म्हणाल्या, "माझं लिव्ह, पोरी. चार. आन् म्होरं लिव्ह, पुण्याच्या बी पलीकडं."

मामी गेल्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिवशी याच जिन्यात पडल्या होत्या. हाड जुळलं, पण त्यानंतर त्या दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरल्याच नाहीत. चौकातल्या पुतळ्याला फूल वाहायला तोवर एकही जयंती न चुकवलेली बाई ती. मामांनी वर्षभर "चल, काय होत न्हाय" म्हणून पाहिलं. मामी उंबऱ्यापर्यंत यायच्या आणि परत फिरायच्या.

यंदा चौदा एप्रिलला सकाळी मामींनी पांढरी साडी नेसली आणि उंबऱ्यात येऊन थांबल्या. मामांनी "चल" म्हटलं नाही. सायकलची जुनी घंटी त्यांच्या हातात दिली.

"आज घंटी तुझ्याकडं. एक दिलीस की थांबायचं, दोन दिल्यास की निघायचं."

"आन् तुमी?"

"मी म्होरं. तुझ्याकडं तोंड करून."

टिंग टिंग. एक पायरी. टिंग. थांबले. पुन्हा टिंग टिंग. मजल्यामजल्यावर दारं उघडली. मी खाली दोन्ही हात पसरून सज्ज.

"त्यांना बाजूला घ्या आदी," मामी वरून म्हणाल्या. "मोहोळवाले हायती ते."

अर्ध्या वाटेत मामी थबकल्या. हीच ती पायरी. बाहेरून हलगीचा आवाज येत होता. घंटी वाजेना. कुणीतरी "मामी, या की" म्हणालं, तर मामांनी त्याला हातानं गप्प केलं.

"घाई न्हाय. गाडी तुझी हाय."

बऱ्याच वेळानं घंटी वाजली. दोनदा. मग मामी खालपर्यंत थांबल्याच नाहीत. शेवटच्या पायरीवरून उतरल्या आणि घंटी वाजवतच सुटल्या. सगळा जिना टाळ्या पिटत होता. कशालाही न धरता त्या फाटकापर्यंत गेल्या.

मामा मात्र शेवटच्या पायरीवर बसले. कठडा त्यांनी अजून घट्ट धरून ठेवला होता. मी शेजारी टेकलो.

"मामा, खरं तिकीट कुठलं?"

"पुण्याचं," ते हळूच म्हणाले. "ती पडली तवापासनं. पर दोघंबी भ्यालो असतो तर गाडी कुणी काढली असती?"

फाटकातून दोन घंट्या आल्या. मामा उठले, सदरा झटकला आणि निघाले.

संध्याकाळी मी आणि माझी बायको जिन्यानं घरी परतत होतो. नेहमीप्रमाणे मी दोन पायऱ्या पुढं. मागून ती म्हणाली, "इथून पुढं जरा शेजारून चला. पडलात तर निदान दोघं पडू."