राजीनाम्याचं गोत्र

"कल सुबह दोनों का राज़ीनामा मेरी मेज़ पर चाहिए!" मुंशी रघुबरदयाल गरजले, आणि महिपतरावांनी मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं.

वाईहून ग्वाल्हेरला येऊन त्यांना जेमतेम तीन महिने झाले होते. दरबारच्या एका कचेरीत कारकुनी मिळाली होती. भांडण झालं ते खिडकीजवळच्या जागेवरून. तिथे वारा येई. शेजारच्या दौलतसिंहालाही तीच जागा हवी होती. ओढाताणीत दौत कलंडली आणि मिसलीतले सगळे कागद निळे झाले.

"अहो, माफी मागा मुंशींची," घरी पत्नी शालिनीताई म्हणाल्या.

"माफी? मुळीच नाही. मागितलाय ना राजीनामा? असा देतो की लक्षात राहील!"

चार कागद फाडून त्यांनी पाचवा लिहिला. वर ठळक अक्षरांत 'राजीनामा', खाली एकच वाक्य: 'मी माझी जागा राजीखुशीने सोडीत आहे, दौलतसिंहांविषयी मनात काही नाही.'

सकाळी मुंशींनी तो वाचला. मराठी त्यांना अडखळत का होईना, कळे. त्यांचा चेहरा फुलला. "वाह! बहुत खूब!" म्हणत त्यांनी दोघांच्याही कागदांवर 'मंज़ूर' लिहिलं. दौलतसिंहाने महिपतरावांना कडकडून मिठी मारली आणि बाड्यावरच्या बाजारातून पेढे मागवले.

'मी जातोय तर पेढे!' महिपतराव मान ताठ ठेवून बाहेर पडले. छावणीपर्यंत ती कशीबशी ताठ राहिली. तिथे ओट्यावर पांडुरंगराव बसले होते. जन्मभर दरबारचे फारसी कागद वाचलेला माणूस.

"राजीनामा दिला," महिपतराव पुटपुटले.

"मग रडता कशाला? मिटलं ना भांडण?"

"मिटलं? नोकरी गेली!"

पांडुरंगराव पोट धरून हसले. "अहो, इकडे राजीनामा म्हणजे समझोता! शब्द फोडून बघा. राजी म्हणजे कबूल, नामा म्हणजे कागद. कबुलीचा कागद. आपल्याकडे तो नोकरी सोडण्याचा झाला, इकडे तंटा सोडण्याचा."

"पण मूळ?"

"राजी अरबी, नामा फारसी. आणि राजीचं सगळं एकच गोत्र. राजी नसेल तो नाराज. जायला राजी होऊन परवानगी दिली, ती रजा. आणि मनाचा राजीपणा, ती मर्जी."

महिपतराव तसेच उलट पावली धावले. पाहतात तो त्यांची बैठक भिंतीकडे सरकवलेली, आणि खिडकीत दौलतसिंह. मुंशींनी 'जागा'चा अर्थ बसायची 'जगह' असाच घेतला होता. महिपतराव भिंतीपाशी बसले. वारा गेला, पण नोकरी राहिली.

पण सोमवारी दोन अनोळखी माणसं दारात उभी राहिली. हातात नेमणुकीचे हुकूम: 'महिपतराव व दौलतसिंह यांनी राजीनामे दिल्याने.' मुंशींनी दोन्ही कागद वर पाठवले होते, आणि वरच्या कचेरीतले कारकून होते मराठी. त्यांनी नुसते मथळे वाचले, खालचं 'मंज़ूर' पाहिलं, आणि काम उरकलं.

दौलतसिंह पांढराफटक पडला. "महिपतरावजी, ये क्या हो गया? मैंने तो दोस्ती लिखी थी!"

"घबराइए मत. बैठिए," महिपतराव म्हणाले. आता ते मागे हटणार नव्हते. "पहले अर्थ, फिर मूळ, फिर गोत्र."

दौलतसिंहाला सगळं नीट समजावून त्यांनी टाक उचलला आणि वरच्या कचेरीला लिहिलं: 'आम्ही दोघे परस्परांवर नाराज नाही. चाकरीस राजी आहोत. ती सोडण्याची मर्जी नाही. तूर्त रजादेखील नको.'

आठ दिवसांनी उत्तर आलं. दोघे कायम, नव्या दोघांना उज्जैनीस पाठवलं. शिवाय वरच्या साहेबांनी विचारलं होतं की अर्ज चोख आहे, पण त्यावर मथळा का नाही?

वर काय लिहावं आणि वाचणारा त्याचा काय अर्थ घेईल, यावर महिपतरावांनी अर्ज लिहिताना बराच वेळ विचार केला होता. शेवटी मथळ्याची ओळ त्यांनी कोरीच सोडली होती.