ऑर्गनवाले गेले तेव्हा

"या वर्षी लॉजचं पान माझ्यावाचून हलणार नाही, बघशील तू!" आरशासमोर टाय आवळत चष्मेवाल्यांनी बायकोला ठणकावून सांगितलं.

फ्रीमेसन लॉजमध्ये, म्हणजे एकमेकांना बंधू म्हणणाऱ्यांच्या त्या गुप्त मंडळात, ते नुकतेच दाखल झाले होते. पांढरा अ‍ॅप्रन मिळाला, पांढरे हातमोजे मिळाले, काम मात्र मिळेना! मागच्या खुर्चीत बसायचं, सगळे उठले की उठायचं, सगळे बसले की बसायचं.

"पण तिथे तुम्ही करता तरी काय?" बायकोने विचारलं.

"ते गुप्त असतं. सांगता येत नाही."

"म्हणजे काही करत नाही!"

हे वर्मी लागलं. त्याच दुपारी दुकानात ते एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होते, तेवढ्यात लॉजच्या सेक्रेटरींचा फोन आला.

"बंधू, पुढच्या सभेत ऑर्गन वाजणार नाही. आपले ऑर्गनवाले गेले ना!"

"गेले? अहो, कधी?"

"आज सकाळी. अगदी अचानक."

"अरेरे! तुम्ही काही काळजी करू नका, पुढचं सगळं मी बघतो!" म्हणत त्यांनी फोन ठेवलासुद्धा.

वाईट वाटलं, नाही असं नाही. पण हात शिवशिवायला लागले! गिऱ्हाइकाला एकच काच बसवलेल्या चष्म्यात तसंच ताटकळत ठेवून त्यांनी फोनचा सपाटा लावला. जो तो हळहळला. "परवा भेटले तेव्हाच चेहरा उतरलेला वाटला मला," असंही दोघातिघांनी सांगितलं.

"सेक्रेटरींना एकदा विचारू या का?" लॉजचे प्रमुख, म्हणजे मास्टर, म्हणाले.

"त्यांनीच तर सांगितलं! अ‍ॅप्रन घालूनच जाऊ या, इतमामाने!"

"अहो, अ‍ॅप्रन रस्त्यावर घालत नाहीत."

"मग निदान हातमोजे?"

"बरं, हातमोजे घाला," मास्टर हरले.

संध्याकाळी काळे सूट आणि पांढरे हातमोजे घातलेली मंडळी ऑर्गनवाल्यांच्या जिन्यात रांगेने उभी राहिली. सर्वांत पुढे बैलगाडीच्या चाकाएवढं पुष्पचक्र, आणि त्यामागे चष्मेवाले. दार उघडलं ते वहिनींनी. डोक्याला टॉवेल, हातात कंगवा.

"वहिनी, धीर धरा," चष्मेवाले गहिवरून म्हणाले.

"का? काय झालं?"

चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं, यांना अजून कुणी कळवलंच नाही! आता ही जबाबदारीही आपलीच. त्यांनी घसा साफ केला.

"वहिनी, आपले ऑर्गनवाले... आज सकाळी गेले."

वहिनींनी पुष्पचक्राकडे पाहिलं. कंगवा खाली पडला आणि पाठोपाठ त्या मटकन उंबऱ्यात बसल्या. कुणी पाणी आणायला धावलं, कुणी वर्तमानपत्राने वारा घालू लागलं. इतक्यात आतला फोन वाजला. मास्टरांनी तो आणून त्यांच्या कानाला लावला.

"पोचलो गं लेकीकडे!" ऑर्गनवाल्यांचा खणखणीत आवाज जिन्यापर्यंत आला. "गाडीत झोपच लागली. ऐकतेस ना?"

पदर तोंडात धरून वहिनी हमसाहमशी रडायला लागल्या. "अगं, झालं काय? कोण आलंय?" पलीकडून विचारणं चालूच. त्यांनी फोन चष्मेवाल्यांपुढे धरला. चष्मेवाल्यांनी तो घेतला आणि तसाच मास्टरांकडे सरकवला. शेवटी मास्टरच बोलले.

मंडळी हातमोजे काढून खिशात कोंबत जिना उतरली. वहिनींनी जाताना, "चहा घेतला असता," म्हटलं, आणि तेच चष्मेवाल्यांना सर्वांत जास्त झोंबलं. ते भलंमोठं पुष्पचक्र घेऊन चष्मेवाले भर रस्त्यातून घरी चालत गेले. रिक्षात ते मावेना!

आठवडाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. शेवटी मन घट्ट करून ते माफी मागायला एकटेच गेले. साधा शर्ट, हात रिकामे. बेल वाजवली.

वहिनींनी दार उघडलं, त्यांना पाहिलं आणि चौकट घट्ट धरली.

"आता कोण गेलं?"