सासूबाईंचा पहिला पतंग

अपघात कसा टाळावा, हे मला विचारा. कारखान्यात माझं कामच ते आहे. शिडी कशी धरावी, ओल्या फरशीवरून कसं चालावं, हे मी भल्याभल्या मिशीवाल्यांना शिकवतो आणि ते निमूट ऐकतात. त्यामुळे सासूबाईंना घेऊन पतंग उडवायला जायचं ठरलं, तेव्हा मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, की आईंच्या केसालाही धक्का लागणार नाही. आणि लागलाही नाही. त्यांच्या.

सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडेच राहतात. राहतात म्हणजे पाहुण्यासारख्या. खुर्चीच्या अगदी कडेवर बसतात, पंखा लावायचा तरी विचारतात. मला 'जावईबापू' म्हणतात आणि मी खोलीत शिरलो की उठून उभ्या राहतात. त्या दिवशी खिडकीतून कुणाचा तरी पतंग दिसला आणि त्या बोलून गेल्या, की लहानपणी भाऊ पतंग उडवायचे आणि त्यांच्या हातात नुसती फिरकी द्यायचे. दोरा काही कधी हाती आला नाही. एवढं बोलल्या आणि जास्त बोललो की काय, अशा ओशाळल्या. मी मात्र पेटलो!

तयारी कारखान्याच्या शिस्तीत झाली. काच लावलेला मांजा नको, साधा सुती दोरा. बोटं कापू नयेत म्हणून हातमोजे, उन्हासाठी गॉगल. गच्ची रद्द, कारण वर बघणारा माणूस मागे मागे सरतो आणि गच्ची कुठेतरी संपते. विजेच्या तारा नाहीत, जवळ रस्ता नाही, असं मोठं मैदान शोधलं. शेवटी माझ्या आणि सासूबाईंच्या डोक्यावर पिवळी हेल्मेटं चढवली. बायको म्हणाली, पतंग कागदाचा असतो, डोक्यात पडला तरी काय व्हायचंय? मी म्हटलं, आधी सगळे असंच म्हणतात. सासूबाईंनी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट बसवून घेतला. पाहुण्याने काय बोलायचं?

मैदानात मी खुंट्या ठोकून भोवती लाल-पांढरी पट्टी ताणली, म्हणजे येणारंजाणारं कुणी दोऱ्यात अडकायला नको. मग वाऱ्याचा अंदाज घ्यायला रुमाल हातात धरून मोठी मोठी पावलं टाकत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो. फेऱ्या मारणारी मंडळी थबकली. त्यातले एक निवृत्त मास्तर पट्टीपाशी आले आणि ही मोजणी कुणाच्या हुकमाने चाललीय, असं त्यांनी विचारलं. मोजणी नाही, पतंग उडवतोय, असं मी सांगितलं. मास्तरांनी माझ्या हेल्मेटकडे पाहिलं, सासूबाईंच्या हेल्मेटकडे पाहिलं, आणि हा माणूस आपल्याला खुळ्यात काढतोय, असं मागे वळून जाहीर केलं.

झालं! मैदान जाणार, इथे इमारत उठणार, ही बातमी वाऱ्याच्याही आधी पसरली. फुटबॉल खेळणारे आले, तान्ह्यांना फिरवणाऱ्या आया आल्या, रखवालदार काठी घेऊन आला. एका बाईंनी तर सासूबाईंनाच मोठ्या अधिकारी समजून, मैदान वाचवा हो, म्हणून हात जोडले. मी सगळ्यांना सुरक्षेचे नियम पहिल्यापासून समजावू लागलो. या विषयावर मला लवकर थांबता येत नाही. मी जितका बोललो, तितका लोकांचा संशय घट्ट होत गेला. रखवालदाराने माझी एक खुंटी उपटली.

तेवढ्यात सासूबाईंनी हेल्मेट काढलं, गॉगल काढला, हातमोजे काढले आणि सगळा ऐवज माझ्या हातात कोंबला.

"तू जरा गप्प उभा राहा," त्या म्हणाल्या. "आणि फिरकी धर."

तू! मी बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे. सासूबाईंच्या ते गावीही नव्हतं. त्यांनी माझ्या पिशवीतली चिकटपट्टी काढून बोटांना गुंडाळली आणि मास्तरांना पतंग घेऊन लांब उभं केलं. पहिल्यांदा पतंगाने सरळ जमिनीत नाक खुपसलं. दुसऱ्यांदा तो मास्तरांच्या टोपीवर जाऊन बसला. तिसऱ्यांदा मात्र वारा आला, मास्तरांनी हात सोडला आणि पतंग वर गेला. ढील दे, ढील दे, असं सासूबाई मला दटावत होत्या आणि मी देत होतो. भांडायला आलेली सगळी माणसं माना वर करून उभी होती.

"केवढा ओढतो गं हा," त्या लेकीला म्हणाल्या. "मला वाटायचं, भाऊ उगाच नाटकं करतात."

त्यांचे डोळे भरून आले होते. गॉगल नव्हता, त्यामुळे सगळ्यांना दिसलं.

मलाही नीट दिसेना. पतंगावर नजर ठेवून मी एक पाऊल मागे सरलो, मग आणखी एक, आणि माझ्याच पट्टीत पाय अडकून उताणा पडलो. घोटा असा मुरगळला, की आवाज मास्तरांपर्यंत गेला. सासूबाईंनी आधी दोरा रखवालदाराच्या हाती दिला, सोडू नको म्हणून बजावलं, आणि मग माझ्याकडे धावल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? न्हाणीघरात घसरलो, असं मी सांगितलं.

"खोटं कशाला बोलतोस?" सासूबाई म्हणाल्या. "पतंगाच्या नादात पडलाय हो, डॉक्टर."

डॉक्टरांनी मान वर करून आम्हा दोघांकडे पाहिलं.

"तुम्ही आई का यांच्या?"

"हो," सासूबाई म्हणाल्या.

"मग पाय बरा होईपर्यंत मुलाला घराबाहेर खेळायला सोडू नका."

सासूबाईंनी गंभीरपणे मान डोलावली. डॉक्टरांची चूक सुधारावी, असं माझ्या मनात आलं होतं. पण पाय फार दुखत होता. निदान बायकोला तरी मी तसंच सांगितलंय.