मिठाची बदली

मीठ नष्ट होत नाही, त्याची फक्त बदली होते. हे ज्याला पटलं, त्याला पर्यावरण समजलं.

उंब्रजपलीकडच्या लोणच्याच्या कारखान्याला ते उशिरा का होईना पटलं. कैऱ्या महिनोन्‌महिने मिठात मुरवायच्या, मग धुऊन घ्यायच्या आणि ते पाणी ओढ्यात सोडायचं, अशी तिथली जुनी, निर्मळ पद्धत होती. ओढ्याकाठी सयाजी मेजरांचा ऊस होता. (लष्करात ते हवालदार होते, गावात निवृत्त झालेला प्रत्येक फौजी मेजरच असतो.) उमेदीची सगळी वर्षं त्यांनी या रानाच्या ओढीवर काढली होती. ऊस पिवळा पडला तेव्हा त्यांनी तक्रारींचा असा भडिमार केला, की कारखान्याला सुधारावंच लागलं.

सुधारणा अशी, की मोठाले वाफे खणून त्यांत पाणकणीस लावलं. ही पाणथळ जागेतली वनस्पती खारं पाणी पिऊन मीठ पानांत साठवते. तिला पगार लागत नाही, ती संपावर जात नाही आणि फोटोत हिरवी येते. (पर्यावरणाच्या कामात हा शेवटचा गुण आधी बघतात.) उद्‌घाटनाचा नारळ मेजरांच्याच हस्ते फुटला. ओढा खरोखर निवळला. मेजरांना भरून आलं.

नियमानुसार पाणकणीस वेळच्या वेळी कापून हलवायला हवं होतं, नाहीतर पानं कुजून मीठ पुन्हा पाण्यात. ते हलवायचं कुठे, याबाबत मात्र नियम मौन बाळगून होता. हा पेच कारखान्याचे पर्यावरण अधिकारी शंभूराज यांनी सोडवला. दिवाळीनंतर जतहून आप्पासो मेंढपाळ कळप घेऊन यायचे. शंभूराजांनी त्यांची मेंढरं वाफ्यांत सोडली. खारट पाला म्हणजे मेंढराला मेजवानीच. कापणी, वाहतूक आणि विल्हेवाट ही तिन्ही कामं एकाच तोंडाने उरकली. अहवालात कळपाचा उल्लेख 'फिरती विल्हेवाट यंत्रणा' असा झाला.

आता एवढं खाऊन मेंढरं रात्री कुठेतरी बसणारच. या भागात ती मोकळ्या रानात बसवून घेतात. लेंडीखत आयतं मिळतं, मेंढपाळाला धान्य द्यायचं. त्यासाठी गावात ओढाताण चालते. मेजरांनी भावकीशी भांडून, चुलतभावाशी बोलणं टाकून सलग तीन हिवाळे कळप आपल्याच रानात बसवला.

"आप्पा, यंदा बी हितनं हालायचं न्हाई बग."

"न्हाई हालत. पर मेजर, मेंढरं पान्यासाटी लय येड्यागत करत्यात. पाला कसला हाय त्यो?"

"सरकारमान्य हाय. तू खत बग की कसं पडतंय."

चौथ्या वर्षी रान पांढरंफटक पडलं. लावलेला ऊस उगवलाच नाही. फौजेत कधी न रडलेले मेजर बांधावर बसून रडले.

मेजरांच्या अर्जावरून रीतसर चौकशी झाली. निष्कर्ष पुढीलप्रमाणे: (अ) कारखान्यातून पाण्यावाटे मीठ बाहेर गेलेलं नाही. (आ) ते मेंढरांवाटे गेलं. (इ) मेंढरांना अर्जदाराने स्वखुशीने, वर धान्य देऊन बोलावलं. सबब, प्रदूषण अर्जदारानेच केलं. त्याने स्वखर्चाने आपल्या शेतात पाणकणीस लावावं.

मेजर शंभूराजांच्या पुढ्यात जाऊन बसले.

"सायब, येवडं मीठ घालताच कशापायी?"

"मेजर, त्याशिवाय कैरी टिकत नाही."

"मग कैरीतच ऱ्हाऊ द्या की ते. धुऊन का काढताय?"

शंभूराजांनी कपाटातून एक बरणी काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर 'कमी मिठाचं' असं ठळक छापलं होतं.

"शहरातल्या गिऱ्हाइकाला ब्लडप्रेशर असतं, मेजर. डॉक्टर मीठ बंद करतात, पण लोणचं तर सुटत नाही."

मेजरांनी बरणी हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिली. मग अगदी मनापासून विचारलं, "बरं वाटतंय का त्यास्नी आता?"

शंभूराजांकडे ती माहिती नव्हती. ती वाचकांकडे असेल. आपलं ब्लडप्रेशर सध्या कसं आहे, ते मेजरांना एकदा कळवावं. उंब्रजपलीकडे गेल्यावर पांढरं रान कुणाचं, असं विचारलं की कुणीही दाखवतं.