सात नंबरच्या वर्गातला एक फूट

कॉलेजच्या भिंतींवरच्या प्रत्येक रंगात त्या त्या वर्षांचे आवाज मुरलेले होते, आणि जीर्णोद्धाराच्या नियमाप्रमाणे इमारत बांधली त्या १८९८ नंतरचे सगळे आवाज खरवडून टाकायचे होते. ओला स्पंज फिरवला की थर बोले. पटाशी लागली की कायमचा गप्प होई. चुन्याच्या भिंती त्या, चालायचंच.

वास्तुतज्ज्ञ बारटक्केबाई माजी विद्यार्थ्यांना काम दाखवत होत्या. बाकीची मंडळी कमानी बघून ‘वा वा’ करत पुढे गेली. दिगंबर ताम्हाण्यांनी मात्र सात नंबरच्या वर्गात ठाण मांडलं. त्यांची बायको नलू, माहेरची नलिनी ओगले, १९७१ला याच वर्गात होती; वर्षापूर्वी गेली. घरात तिचे फोटो ढीगभर, पण आवाज? नाव नको! जन्मभर बडबडली बिचारी, आणि टेप करायचं कुणाला म्हणून सुचलं नाही.

“हा १९७१चा हिरवा डिस्टेंपर,” बाई म्हणाल्या. “दर वर्गात एक फूट बाय एक फूट नमुना राखता येतो, काका. बाकीचा उद्या उतरेल. जागा तुम्ही दाखवा.”

“खिडकीजवळ. मुलींचा तिसरा बाक.”

बाईंनी तिथे स्पंज फिरवला. आधी बाक सरकले, कुणीतरी शिंकलं, मग देवस्थळी सरांनी हजेरी सुरू केली. नलूचा नंबर सत्तेचाळीस; ताम्हाण्यांनी भिंतीला कान लावला.

“सत्तेचाळीस!”

“येस सर!”

ताम्हाण्यांचा चेहरा खर्रकन उतरला. “अहो, ही नलू नव्हे! ही शशी बिडवई, नाकात बोलायची. प्रॉक्सी मारलीय पठ्ठीनं!”

“मग काकू कुठे होत्या?”

“माझ्याबरोबर.” ताम्हाणे या वयातही लाजले. “कॅन्टीनमध्ये. भजी खात. मीच म्हणायचो, चल गं, हजेरीचं शशी बघेल.”

“रोज?”

“वर्षभर. या वर्गात ती आली असेल ती परीक्षेपुरती. आणि परीक्षेत कोण बोलतंय?”

“कॅन्टीन १९५६चं होतं,” बाई वही चाळत म्हणाल्या. “नियमात बसत नव्हतं. मागच्या महिन्यात पाडलं.”

ताम्हाणे मटकन बाकावर बसले. इतकं वाईट त्यांना स्मशानातसुद्धा वाटलं नव्हतं. मग म्हणाले, “पुन्हा एकदा फिरवा.”

“सत्तेचाळीस!” “येस सर!” शशीनं अगदी जीव ओतला होता. शेवटी नलूसारखा हेलही काढला होता.

“हाच तुकडा ठेवा.”

“पण काका, आवाज त्यांचा नाही. नोंद खरी लागते.”

“आवाज कुणाचा का असेना. हजेरी तर तिचीच लागलीय ना?”

बाईंनी नियम दोनदा वाचले. त्यात याविरुद्ध काही नव्हतं. त्यांनी खडूनं चौकट आखली आणि खाली लिहिलं: कु. नलिनी ओगले, सत्तेचाळीस, हजर.